वीज नाही, पाणी कमी, आईबाबा आजारी: कोविडच्या कर्फ्यूत सामानाला बाहेर पडताना काय सांभाळू?

अबोली_फोंडा
18 मे 2021, सकाळी 10.40

नमस्कार. पलीकडच्या वाड्यावरून फोन चार्ज करून आणला आहे. बॅटरी आहे तोवर सगळे एकदाच लिहिते. लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

आम्ही गोव्यात, फोंडा तालुक्यात, शहरापासून सहाएक किलोमीटर आत राहतो. बाबा 76 वर्षांचे, त्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, रोज दोन वेळा इनहेलर. आई 71, मधुमेह, रोज इन्सुलिन. दोघांनी एप्रिलमध्ये टीका उत्सवात, म्हणजे सरकारच्या लसीकरण मोहिमेत, कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. दुसऱ्यासाठी आम्ही दिवस मोजत होतो आणि गेल्या गुरुवारी दोन डोसांमधले अंतर 12 ते 16 आठवडे झाले. म्हणजे थेट जुलै. मी 39 वर्षांची, माझा एकही डोस झालेला नाही. भाऊ पुण्यात आहे. बाहेरचे काम कोणतेही असो, मलाच जावे लागते.

रविवारी तौक्ते वादळात वाड्यावरचा आंबा विजेच्या तारांवर कोसळला. तेव्हापासून वीज नाही. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून टाकीत पाणी नाही. विहिरीचे पाणी कळशीने ओढते आहे.

फ्रीज बंद पडला, आता आईचे इन्सुलिन खराब झाले असणार या भीतीने काल सकाळी स्कूटर काढली. दुकाने सात ते एक एवढीच उघडी, त्यामुळे सगळा गाव त्याच सहा तासांत बाहेर. मेडिकलमध्ये माझ्या पुढे नऊ माणसे होती. तिथून पसऱ्यावर, किराणा दुकानात गेले. आमच्या भागात जनरेटर तेवढ्याच दुकानात आहे. आत शिरले तर काउंटरच्या कडेला एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला बारा-तेरा मोबाईल लावलेले, आणि प्रत्येक जण आपल्या फोनवर नजर ठेवून तिथेच उभा. पावसाची झड आत येते म्हणून शटर अर्धे खाली ओढलेले. बाबांचे एक जुने स्नेही मला बघून पुढे आले, मास्क हनुवटीखाली घेतला आणि अगदी जवळ येऊन बाबांची चौकशी करू लागले. मी मागे सरकत गेले ती तांदळाच्या पोत्याला टेकले. माझ्याने त्यांना काही बोलवले नाही. लहानपणापासून मला ओळखणारा माणूस. पंचवीस मिनिटे मी आत होते.

घरी आल्यावर दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात घातली, नोटा पुसून दोरीवर लावल्या, कपडे भिजवले. त्यात चार कळश्या पाणी गेले. आई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. रात्री कळले की तिने आंघोळच केली नाही, पाणी पुरायला हवे म्हणून. ते कळल्यापासून जिवाला चैन नाही.

याच आठवड्यात गॅसचा सिलिंडर यायचा आहे, एटीएममधून आईची पेन्शन काढायची आहे, बाबांचा इनहेलर जेमतेम शुक्रवारपर्यंत जाईल. त्यात जून तोंडावर. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानाचे, अजून काहीच नाही. आई रोज विचारते, सोलां (आमसुलं) आणलीस का, मिरची आणलीस का.

सध्या तपासलेल्या दोघांमागे जवळजवळ एक पॉझिटिव्ह येतो आहे आणि बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातल्या ऑक्सिजन तुटवड्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या. बाबांना तिथे न्यायची पाळी येऊ द्यायची नाही, यापलीकडे मला काही नको. यातले काय खरोखर करायला हवे आणि कशावर मी उगाच पाणी आणि अंगातली ताकद घालवते आहे, ते जाणत्यांनी सांगा.

---

सासष्टीकर
18 मे 2021, सकाळी 11.25

अबोली, पहिली गोष्ट, यंदा पुरुमेंत सोडून दे. माझ्या सासूबाईंनीही हट्ट धरला होता. त्यांना मी स्पष्ट सांगितले, सुके बांगडे मिळाले नाहीत तर एक पावसाळा डाळभात खाऊ. मडगावच्या बाजारात सध्या सकाळी जी गर्दी असते तिच्यात मिरचीसाठी शिरायचे नाही.

भाजी सुपरमार्केटमधून न घेता फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर घे. विकणारा आत, आपण रस्त्यावर उघड्या हवेत. दोन मिनिटांत काम होते आणि दरही कमी. बेळगावची गाडी आली की लगेच जा, नाहीतर कांदे-बटाटे तेवढे उरतात. आणि सुट्टे पैसे ने. वादळापासून नेटवर्क नाही, फोनवरून पैसे जात नाहीत, आणि एकेका माणसाचे पैसे जाईपर्यंत मागची रांग वाढत जाते.

---

काउंटरमागून
18 मे 2021, दुपारी 2.50

अबोलीताई, माझे डिचोली तालुक्यात औषधांचे दुकान आहे. गेल्या वर्षीच्या मार्चपासून एक आजारपण सोडले तर मी रोज काउंटरवर उभा आहे. तुमचे पत्र दोनदा वाचले. दुकान आता रिकामे आहे, म्हणून निवांत लिहितो.

आधी इन्सुलिन, कारण तुमची कालची एक फेरी त्यापायी झाली आणि ती टळली असती. वापरायला काढलेली बाटली किंवा पेन फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे राहते, 30 अंशांच्या आत असले म्हणजे झाले. बहुतेक प्रकारांत 28 दिवस असतात. तुमच्या खोक्यातल्या कागदावर आकडा छापलेला आहे, तो बघून घ्या. न उघडलेल्या बाटल्यांसाठी मातीचे मडके घ्या. तळाला रेती घालून ती भिजवा, बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून छोट्या बरणीत ठेवा, बरणी रेतीवर, मडक्याच्या तोंडावर ओले फडके. मडके सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. आमच्या गावात वीज गेली की कितीतरी घरांत असेच करतात. बर्फाच्या लादीवर मात्र कधी ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी कामाचे नसते. आणि जे इन्सुलिन मुळात पाण्यासारखे स्वच्छ असते ते गढूळ दिसले तर वापरू नका.

आता कळश्यांचे. दुधाच्या पिशव्या आणि नोटा धुणे आजपासून बंद करा. गेल्या वर्षी आपण सगळ्यांनीच ते केले, मीही औषधांची पाकिटे पुसून ठेवायचो. तेव्हा नीटसे माहीत नव्हते. आता माहीत आहे. हा विषाणू मुख्यतः हवेतून येतो. वस्तूला हात लागून लागण होण्याची शक्यता फार थोडी, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने गेल्याच महिन्यात ती दहा हजारांत एकाहूनही कमी धरली आहे. भाजी नेहमी धुतो तशी साध्या पाण्याने धुवा, साबण लावू नका, तो पोटात जातो. घरी आल्यावर वीस सेकंद साबणाने हात धुतले की पिशवी, नोटा, कुलूप, स्कूटरची मूठ, सगळ्यांचे काम झाले. त्याला एक तांब्या पाणी पुरते. आईंना आज आंघोळ करू द्या.

हवेचे कसे, ते सांगतो. स्वयंपाकघर बंद करून सुका बांगडा भाजलात आणि अंगणात निघून आलात, तरी अर्ध्या तासाने आत शिरणाऱ्याला तो वास येतो. भाजणारा माणूस तिथे नसला तरी येतो. तोच बांगडा अंगणात चुलीवर भाजला तर चार हात पलीकडे वारा तो घेऊन जातो. माणसाच्या श्वासातले बारीक कण असेच तरंगत राहतात. ते अर्धे शटर ओढलेले दुकान म्हणजे बंद स्वयंपाकघर. तिथे फक्त सहा फुटांचे अंतर ठेवून भागत नाही, आत किती वेळ थांबलात ते पाहावे लागते. म्हणून दुकानात पाय टाकताना घड्याळ बघायची सवय लावून घ्या. आत पाच मिनिटांपेक्षा जास्त लागणार असे वाटले की बाहेर थांबा, यादी आत पाठवा. कोणी रागावत नाही. माझ्या दुकानात मी स्वतःच गिऱ्हाइकाला आत येऊ देत नाही, पायरीवर टेबल लावले आहे.

मास्क कोणता घालता ते तुम्ही लिहिले नाही. एन-95 मिळाला तर उत्तम, पण पुढे झडप असलेला नको, त्यातून आपला श्वास जसाच्या तसा बाहेर पडतो. पाच मास्क घेऊन पाच कागदी पिशव्यांत घाला, पिशवीवर वार लिहा, रोज पुढचा काढा. तो धुवायचा नाही, उन्हात कडकडीत वाळवायचाही नाही. नाही मिळाला तर निळा सर्जिकल आणि त्यावर घट्ट बसणारा कापडी. सीडीसीने फेब्रुवारीत पुतळ्यांवर केलेला प्रयोग छापला आहे. खोकल्याचे कण अडवण्यात एकटा सर्जिकल 56 टक्के, एकटा कापडी 51 टक्के, आणि दोन्ही एकावर एक घातल्यावर 85 टक्के. यात कापडाचे काम एकच, निळ्या मास्कच्या कडा गालाला दाबून धरणे. चष्मा घालत असाल तर पटकन कळते. काचेवर वाफ धरली म्हणजे वरून हवा निसटते आहे, नाकावरची तार पुन्हा दाबा. आता पाऊस सुरू होईल. भिजलेल्या मास्कमधून श्वास नीट घेता येत नाही, मग आपण तो ओढून खाली करतो. रेनकोटच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा मास्क कायम असू द्या.

माझे स्वतःचे सांगतो, कारण त्यातून मला कळले ते कुठल्या कागदातून कळले नव्हते. गेल्या सप्टेंबरात मला लागण झाली. काउंटरवर पारदर्शक पडदा होता, हातमोजे होते, मास्क तर होताच. दिवसाला दीडशे-दोनशे माणसे समोर येत होती, त्यातले कितीतरी तापाची गोळी न्यायला आलेले. त्यांच्यापैकी कोणाकडून लागण झाली असे मला वाटत नाही. दुपारी शटर ओढून मी आणि माझा मदतनीस मागच्या खोलीत डबा खायला बसायचो. सहा बाय आठची खोली, खिडकी नाही, वर पंखा. जेवताना मास्क कुठला असणार? वीस मिनिटे समोरासमोर, एकमेकांच्या डब्यातली भाजी वाटून घेत. एका मंगळवारी तो म्हणाला, घसा खवखवतो. बुधवारी त्याला ताप. शनिवारी मला. माझ्याकडून आईला. तिला अकरा दिवस ऑक्सिजनवर ठेवावे लागले. ती परत आली, देवाची कृपा. आम्ही दोघे आता पायरीवर बसून, वेगवेगळ्या वेळी जेवतो. परक्यांपुढे आपण सावध असतो आणि ओळखीचे माणूस आले की मास्क खाली जातो. ते काका तुमच्याजवळ आले ते प्रेमानेच, यात मला शंका नाही. पुढच्या वेळी त्यांना म्हणा, "काका, चला, बाहेर या, बाबांचे सगळे सांगते," आणि बोलत बोलत स्वतः आधी बाहेर पडा. ते मागे येतात. वाईट वाटत नाही. मी रोज करतो.

इनहेलरसाठी शुक्रवारची वाट बघू नका. प्रिस्क्रिप्शनचा फोटो आजच तुमच्या मेडिकलवाल्याला पाठवा, दोन महिन्यांचे एकदम बांधून ठेवायला सांगा, बिलाचा आकडा विचारून तेवढेच पैसे पाकिटात घालून न्या. औषधांची दुकाने एक वाजता बंद होत नाहीत. सकाळी भाजीला आलेली माणसे औषधही त्याच फेरीत नेतात म्हणून सकाळी झुंबड. दुपारी दोन ते चार या वेळात मी माशा मारत असतो. तेव्हा जा.

आणखी एक, हे कळकळीने लिहितो. ताप आला की पहिल्याच दिवशी शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून स्टिरॉइडच्या गोळ्या मागायला माणसे येतात. मी देत नाही, भांडण होते. आईंना मधुमेह आहे. डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय ती गोळी घरात आणू नका. साखर भडकते आणि पुढचे आजार त्यातून येतात.

---

रात्रपाळी
18 मे 2021, संध्याकाळी 6.15

मी नर्स आहे, कोविड वॉर्डात काम करते. औषधवाल्या दादांनी सगळे नीट सांगितले आहे. एक राहिले, ते मी बोलते.

अबोलीताई, कालची ती पंचवीस मिनिटे. घाबरवत नाही, पण तिथून तुम्ही काही घेऊन आला असाल असे धरून चालायला हवे. लक्षणे बहुधा पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत दिसतात, कधी चौदाव्यापर्यंत. आणि लक्षणे दिसायच्या दोन दिवस आधीपासून आपण दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून आजपासून वेगळ्या खोलीत झोपा. वीज नाही तेव्हा खिडक्या उघड्याच असतील, त्या वीज आल्यावरही उघड्या ठेवा. जेवण तुम्ही वाढा, पण जेवायला त्यांच्यासोबत बसू नका. दोन्ही वेळा तुम्ही व्हरांड्यात बसा. आईंना इन्सुलिन टोचताना, बाबांना इनहेलर देताना तुम्ही मास्क घाला. घरात मास्क घालायला विचित्र वाटते, पहिले दोन दिवस, मग सवय होते. शनिवार-रविवारकडे एक चाचणी करून घ्या, मधे काही जाणवले तर त्याच दिवशी.

ऑक्सिमीटर घरात असेलच. बोट गरम करून लावा, नखाला रंग नको, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर हलू नका. बाबांचा नेहमीचा आकडा किती, ते आत्ताच वहीत लिहून ठेवा. सीओपीडीच्या रुग्णाचा मुळातच थोडा कमी असतो. नेहमीचा माहीत असेल तरच उतरलेला ओळखता येतो. तुमचा किंवा आईंचा 94 च्या खाली गेला तर वाट बघायची नाही, डॉक्टरांना फोन, आणि दम लागत असेल तर सरळ 108.

एटीएमचे: काचेची बंद खोली, आत एसी. आधीचा माणूस बाहेर आल्यावर दार धरून दोन मिनिटे उघडे ठेवा, मगच आत जा. पाच हजारांच्या चार फेऱ्या करू नका, महिन्याचे एकदम काढा. गॅसवाल्याला सिलिंडर व्हरांड्यात ठेवायला सांगा. आत लावून द्यायला तो येणारच असेल तर आईबाबांना तेवढा वेळ मागच्या अंगणात बसवा, पुढचे-मागचे दोन्ही दरवाजे उघडे टाका.

---

पेडण्याचा मास्तर
18 मे 2021, रात्री 9.05

सासष्टीकर बाईंच्या एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे आणि तो नोंदवल्याशिवाय राहवत नाही. पुरुमेंत सोडून द्या असे मी मुळीच म्हणणार नाही. उलट यंदा ते कधी नव्हे इतके गरजेचे आहे.

आपल्या आज्या मे महिन्यात तांदूळ, कुळीथ, चिंच, सोलां, मिरची, खारवलेले मासे घरात भरून ठेवत त्याला कारण होते. जूनपासून ओढ्यांना पाणी, वाट बंद, होड्या बंद. तीन-चार महिने बाजाराचे तोंड न बघता घर चालले पाहिजे, एवढा एकच हिशेब. आज आपल्याला तेच हवे आहे. जुलैत अबोलीच्या आईबाबांचा दुसरा डोस होईपर्यंत तिला आठवड्याला तीनदा दुकानात जावे लागू नये, असे वाटत असेल तर सामान आत्ताच घरात असायला हवे. 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी 61 दिवस बंद राहील, मग ताज्या नुस्त्यासाठी (मासळीसाठी) जी काही धावपळ होते ती सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न आणायचे की नाही हा नाही. कोणी आणायचे, हा आहे.

आमच्या वाड्यावर चौदा घरे. गेल्या वर्षी जुलैत पंचायतीने आपणहून गाव बंद ठेवला तेव्हा आम्ही ठरवले की चौदा माणसांनी बाजारात जायचे नाही, एकाने जायचे. तेव्हापासून हे चालू आहे. प्रत्येक घराने सोमवारी रात्री यादी वहीत लिहायची, फोन चालत नसेल तर मुलाच्या हाती कागद पाठवायचा. बुधवारी एक जण रिक्षा-टेम्पो घेऊन जातो. पसरकाराला (किराणा दुकानदाराला) याद्या आदल्या दिवशीच दिलेल्या असतात, तो पोती बांधून बाहेर काढून ठेवतो. जाणारा दुकानात पाऊल टाकत नाही. परत आल्यावर ज्याची पिशवी त्याच्या फाटकावर, पैसे पाकिटात आणि पाकिटावर नाव. सध्या जे दोघे जातात त्यांतला एक पोस्टमन, त्याचे दोन्ही डोस झाले आहेत. दुसरा मार्चमध्ये आजारी पडून बरा झालेला. तरी दोघेही मास्क काढत नाहीत.

सुरुवातीला लोकांना संकोच वाटला. आपल्या घरात काय येते, किती येते, हे दुसऱ्याला का कळावे? एका घराने दोन महिने यादीच दिली नाही. नंतर लक्षात आले की त्यांच्याकडे पैसेच नव्हते, मुलाचे हॉटेलातले काम गेले होते आणि ते कुणाला कळू द्यायचे नव्हते. मग आम्ही पद्धत बदलली. तांदूळ आणि डाळ सगळ्यांसाठी एकत्र येते, ज्याला जमेल तेव्हा तो देतो, वही फक्त मी बघतो. हे लिहिले कारण तुमच्या वाड्यावरही असे एखादे घर असेल. फाटकावर पिशवी लावताना त्याला वगळू नका.

पुरुमेंताचे सांगायचे तर सोलांसाठी बाजार कशाला? कोणाच्या ना कोणाच्या परसात भिरंडीचे (कोकमाचे) झाड असते. आमच्याकडे सोलां एका घरातून, चिंच दुसऱ्या, फणसाचे पापड तिसऱ्या. बाहेरून आणायची फक्त मिरची, मीठ, तांदूळ आणि सुके नुस्ते. हरमलची मिरची आमच्या बाजूला घरी आणून देणारी बाई आहे, तुमच्याकडेही कोणीतरी असेल. तिला अंगणातच बसवा, पाणी द्या, हिशेब तिथेच.

पाव घरपोच येतो ना? पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की टोपलीभोवती घोळका करू नका, तेवढे पुरे. आमच्या गडग्यावर प्रत्येक घराची एक पिशवी खिळ्याला टांगलेली असते, तो उंडे त्यात टाकून पुढे जातो.

---

अबोली_फोंडा
18 मे 2021, रात्री 9.40

बॅटरी 11 टक्के. सगळ्यांचे वाचले. मास्तर, आमच्या वाड्यावर नऊ घरे. मी उद्या वही घेऊन फिरते, फाटकाबाहेरूनच. दादा, मडके आहे, रेती बांधकामाच्या जागेवरून आणते. रात्रपाळीताई, मी व्हरांड्यात अंथरूण घातले. आईला कारण सांगितले नाही, उकडते म्हटले.

---

रात्रपाळी
18 मे 2021, रात्री 9.55

सांगा त्यांना. खरे सांगा. तुम्ही जवळ येत नाही हे त्यांना दिसणारच आहे. नाही सांगितले तर दोन दिवसांनी आई स्वतः तुमच्याजवळ येऊन बसतील.

---

अबोली_फोंडा
23 मे 2021, दुपारी 4.30

वीज शुक्रवारी रात्री आली. आधी लिहिणार होते, पण चाचणीचा निकाल हाती आल्याशिवाय लिहावेसे वाटेना. काल दिली, आज निगेटिव्ह आली. अजून आठवडाभर व्हरांड्यातच झोपणार आहे, पाऊस आला तर पडवीत.

आईला बुधवारी सांगितले. ती आधी चिडली, सोमवारीच का नाही सांगितलेस म्हणून. मग तिनेच नियम केला. आता माझे ताट पायरीवर ठेवते, चार पावले मागे जाते आणि तिथून मला बोलावते. संध्याकाळी आम्ही अंगणात बसतो. ती तुळशीपाशी, मी पायरीवर, बाबा मधे आरामखुर्चीत. एवढ्या अंतरावरून बोलायचे तर मोठ्याने बोलावे लागते, त्यामुळे बाबांना वर्षभरात पहिल्यांदा सगळे नीट ऐकू येते असे ते म्हणतात.

इनहेलर बुधवारी अडीच वाजता आणला. दुकानात मी एकटी. पाकीट आधीच बांधून ठेवले होते, पैसे मोजून नेले होते, मिनिटभरही लागले नाही. मडक्यातले इन्सुलिन ठीक आहे. बाटली हाताला गार लागत होती.

नऊपैकी सात घरे वहीत आली. एका घरी मी विचारले तेव्हा त्या बाई आत जाऊन बराच वेळ आल्या नाहीत. मास्तर, तुमचे लिहिलेले आठवले. मी वही मिटली आणि म्हटले, तांदूळ आम्ही सगळ्यांसाठी एकत्रच आणतो आहोत, तुमच्यासाठी दहा किलो धरते. त्यांनी मान हलवली. गुरुवारी पिशवी फाटकावर लावली. काल सकाळी आमच्या फाटकावर सोलांची पिशवी टांगलेली होती, ओलसर, पहिल्या उन्हाची. त्यांच्या परसात दोन झाडे आहेत, मला माहीतही नव्हते.

पसरकाराशीही बोलले. चार्जिंगचा बोर्ड आता बाहेर पत्र्याखाली लावतो म्हणाला. वीज आल्याने सध्या गरज नाही, पण जूनमध्ये पुन्हा जाणारच. बाबांचे ते स्नेही शुक्रवारी रस्त्यात भेटले. मी "काका, इकडे झाडाखाली या" म्हटले. ते आले, आणि मास्क वर घेतला.

एक विचारायचे राहिले. दोन घरांना मिरची हवी आहे, पण आमच्याकडे घरी आणून देणारी कोणी नाही. फोंड्याच्या बाजारात मिरचीवाल्या कोणत्या वेळी उघड्यावर बसतात? बाजाराच्या छपराखाली जायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.

---

काउंटरमागून
23 मे 2021, संध्याकाळी 5.20

निगेटिव्ह वाचून बरे वाटले. मिरचीचे मास्तरांना विचारा, त्यांची मिरचीवाली कोणाच्या तरी गाडीने फोंड्यापर्यंत माल धाडू शकेल. दोन घरांसाठी नको, वहीतल्या सगळ्या घरांची मागवा, म्हणजे गाडीभाडे परवडेल. आणि बाबांचा ऑक्सिजनचा नेहमीचा आकडा वहीत लिहिलात का?

---

अबोली_फोंडा
23 मे 2021, संध्याकाळी 5.35

लिहिला. 93. सकाळ-संध्याकाळ, सहा दिवस, तेवढाच आहे.